थंडीत अंगालगत काय घालावे आणि दुकानात काय ठेवावे

दिवाळीचा बाजार उरकला की नारायणगाव, जुन्नर, मंचर, घोडेगाव या भागातल्या कपडेवाल्यांकडची मागणी बदलते. सदरा-पायजमा मागणारे गिऱ्हाईक आता "आत घालायचं काही गरम आहे का?" असे विचारू लागते. बहुतेक दुकानांत या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. थर्मलचे खोके काढायचे, माप विचारायचे आणि पैसे घ्यायचे. खोक्यातला माल सुती आहे, अ‍ॅक्रिलिक आहे की पॉलिस्टर, आणि तो घालून गिऱ्हाईक नेमके कोणते काम करणार आहे, हे विचारण्याची पद्धत नाही. ती पडावी म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे.

खोडदचेच उदाहरण घेऊ. नारायणगावाहून पूर्वेला असलेले हे गाव महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे जगाला माहीत आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेल्या या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ आहेत आणि उरलेल्या १६ तीन फाट्यांवर दूरवर पसरल्या आहेत. डिसेंबर-जानेवारीत या पठारावर पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. तबकडीच्या सांगाड्यावर चढून दुरुस्ती करणारा माणूस चढताना घामाघूम होतो आणि वर पोहोचल्यावर वाऱ्यात तासभर एका जागी बसून काम करतो. खाली शेतात वेगळी तऱ्हा असते. शेतीपंपाची वीज पाळीने येते. रात्रीची पाळी आली की शेतकरी ऊस-कांद्याला पाणी देण्यासाठी बॅटरी आणि काठी घेऊन बाहेर पडतो, त्याचे गुडघ्यापर्यंतचे पाय ओले असतात आणि कान बिबट्याच्या चाहुलीकडे असतात. विघ्नहर कारखान्याच्या गळीत हंगामासाठी आलेला ऊसतोड मजूर उजाडण्यापूर्वी फडात उतरतो. दुधाची किटली लावून मोटारसायकलवर निघालेला गवळी अंग न हलवता वारा खातो. खिरेश्वरच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर जाणारी कॉलेजची पोरे शनिवार-रविवारी याच रस्त्याने जातात.

हे सगळे आपले गिऱ्हाईक आहे आणि एकच खोके या सगळ्यांना चालणार नाही. याचे कारण समजून घ्यायचे तर आधी कापडाचे काम काय, ते पाहायला हवे.

ऊब कापडात नसते, शरीरात असते. कापड फक्त धाग्यांच्या मध्ये हवा अडकवून ठेवते आणि ती स्थिर हवा शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. त्या हवेच्या जागी पाणी शिरले की सगळा हिशेब उलटतो, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटीने जास्त वेगाने उष्णता वाहून नेते. भर म्हणजे ते पाणी सुकतानाही उष्णता घेते. एक ग्रॅम घाम सुकायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. घामाने भिजलेल्या बनियनमध्ये दीडशे ग्रॅम पाणी आहे असे धरले, तर ते सुकवायला लागणारी उष्णता २५ ग्रॅम ज्वारीच्या पिठातून मिळणाऱ्या शक्तीइतकी होते. काम चालू असेपर्यंत हे जाणवत नाही. काम थांबले की हुडहुडी भरते, ती यामुळे. थंडीत माणूस दगावतो तो बर्फातच, असा समज आहे, पण ओले अंग आणि वारा एकत्र आले तर आठ-दहा अंशांतही शरीराचे तापमान ३५ अंशांखाली घसरू शकते. तेव्हापासून बोलणे अडखळू लागते, हात नीट चालत नाहीत आणि पुढे जिवावर बेतते.

म्हणून अंगालगतच्या कपड्याची पहिली परीक्षा ऊब ही नव्हे. तो ओला झाल्यावर काय करतो, ही पहिली परीक्षा.

धाग्यांचा स्वभाव एका आकड्यावरून ओळखता येतो. साधारण हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेला, कोरड्या शंभर ग्रॅम धाग्यात किती ओलावा मुरतो, हा तो आकडा. कापसात साडेआठ ग्रॅम, रेशमात सुमारे अकरा, व्हिस्कोजमध्ये अकरा ते तेरा, लोकरीत सोळाच्या आसपास, नायलॉनमध्ये चार, अ‍ॅक्रिलिकमध्ये दीड ते दोन. पॉलिस्टरमध्ये अर्धा ग्रॅमही नाही, आणि पॉलिप्रॉपिलीनमध्ये जवळपास शून्य. सूत गिरणीत आणि लोकरीच्या व्यवहारात वजनाचा हिशेब याच आकड्यांवर होतो, त्यामुळे जुन्या व्यापाऱ्यांना ते नवे नाहीत.

आता कापूस. आपल्याकडे नव्वद टक्के नाही तरी बहुतेक लोक अंगालगत सुती बनियनच घालतात. उन्हाळ्यात याहून चांगले कापड नाही. ते घाम पितो, सावकाश सुकते आणि सुकताना अंग गार करते. उन्हाळ्यातला हाच गुण थंडीत वैरी होतो. कापसाचा धागा पाणी नुसते ओढत नाही, स्वतः पिऊन फुगतो, त्यामुळे कापडातली हवेची भोके बुजतात आणि कापड अंगाला चिकटते. चिंब भिजलेले सुती कापड आपल्या वजनाहून जास्त पाणी धरून बसते. पण म्हणून कापूस सर्वथा वाईट, असे इंग्रजी गिर्यारोहणाच्या पुस्तकांप्रमाणे आम्ही म्हणणार नाही. जो माणूस घाम गाळत नाही, म्हणजे दुकानात गल्ल्यावर बसणारा, रखवालदार, घरातली म्हातारी माणसे, त्याला जाड विणीचे सुती थर्मल पुरेसे आहे. ते स्वस्त आहे, खाजत नाही आणि उकळत्या पाण्यात धुता येते. चढणाऱ्याला, तोडणाऱ्याला आणि पाण्यात उभे राहणाऱ्याला मात्र ते देऊ नये.

पॉलिस्टरचे नाव काढले की गिऱ्हाईक नाक मुरडते, कारण त्याला आठवतो तो जुना टेरिलीनचा सदरा. तो विणलेला, दाट आणि गुळगुळीत होता. घाम जायला वाटच नव्हती. आजचे खेळाच्या जर्सीचे कापड पॉलिस्टरच आहे, पण ते होजिअरीचे, म्हणजे फासे घालून गुंफलेले आहे आणि त्याचे तंतू बारीक आहेत. तंतू स्वतः पाणी पीत नाही, त्यामुळे घाम तंतूंच्या फटींतून कंदिलाच्या वातीतल्या रॉकेलसारखा चढतो आणि बाहेरच्या बाजूला पसरून सुकतो. अंगालगतची बाजू लवकर कोरडी होते. ड्युपॉन्ट कंपनीने १९८६ साली कूलमॅक्स नावाचा धागा काढला. त्याच्या तंतूला लांबीभर खाचा होत्या, म्हणजे पाण्याला पन्हळीच दिल्या. त्यानंतर अशा धाग्यांची रीघ लागली आणि आता या जातीचे साधे कापड आपल्याकडे किलोवर मिळते. दोष दोन आहेत. एक वास. घामाचा वास पॉलिस्टरमध्ये लवकर धरतो आणि नीट न धुतल्यास मुरतो. दुसरा दोष जास्त गंभीर आहे. हे कापड आगीत वितळते.

या दुसऱ्या दोषावर आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण तो आपल्या कारागीर बांधवांशी संबंधित आहे. पॉलिस्टर सुमारे २५० ते २६० अंशांना वितळते, नायलॉन त्याआधी, आणि पॉलिप्रॉपिलीन तर १६५ अंशांच्या आसपास. वितळलेला थेंब कातडीला चिकटतो आणि पुसता येत नाही. भाजण्याच्या अशा जखमा पाहून अमेरिकेच्या मरीन दलाने २००६ साली इराकमध्ये तळाबाहेर जाणाऱ्या आपल्या सैनिकांना कृत्रिम धाग्याचे कपडे घालण्याची बंदी केली होती. बेकरीच्या भट्टीवर पहाटे तीनला उभा राहणारा, वेल्डिंग करणारा, लोहारकाम करणारा, गुऱ्हाळाच्या चुलाणात जाळ घालणारा, यांना थंडी वाजते म्हणून कृत्रिम थर्मल विकू नये. त्यांनी अंगालगत सुती किंवा लोकरीचेच घालावे. लोकर सहजी पेटत नाही आणि ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते. गिऱ्हाईक खोका उचलून निघाले असले तरी हे सांगावे. विक्री गेली तरी चालेल.

लोकर सगळ्यांत गुणी आणि सगळ्यांत महाग. तिचा तंतू नैसर्गिकरीत्या कुरळा असल्याने त्यात हवा भरपूर राहते. ओलावा तंतूच्या आत मुरतो, बाहेरून तो ओला लागत नाही, आणि मुरताना थोडी उष्णता बाहेर पडते. म्हणून भिजलेली लोकर भिजलेल्या कापसाइतकी बोचत नाही. वासही कमी धरते. मग आपल्या घोंगडीच्या लोकरीचे बनियन का होत नाही? उत्तर तंतूच्या जाडीत आहे. माणसाच्या कातडीला साधारण ३० मायक्रॉनहून जाड तंतूंची टोके टोचतात. मेरिनो मेंढीची अंतर्वस्त्रांत वापरली जाणारी लोकर १७ ते २० मायक्रॉनची असते आणि ती आपल्याकडे मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर तिच्यापेक्षा कितीतरी भरड आहे. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी वारा आणि पावसाची भुरभुर अडवायला उत्तम. तिची जागा सर्वांत वर आहे, कातडीला लागून नाही. रात्री पाणी द्यायला जाणारा शेतकरी आत पॉलिस्टरचे हलके बनियन, मध्ये स्वेटर आणि वर घोंगडी घेईल, तर महागड्या जॅकेटवाल्याहून कमी सुरक्षित राहणार नाही.

पायांचे वेगळे आहे. पाण्यात उभे राहायचेच असेल तर कोणतेही थर्मल उपयोगाचे नाही. तिथे गमबूट हवा आणि बांधावर आल्यावर बदलायला कोरडे मोजे हवेत. असे मोजे दोन जोड घ्या, असे गिऱ्हाइकाला सांगणारा दुकानदार आम्हाला क्वचितच दिसला.

अ‍ॅक्रिलिकबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. लुधियानाच्या मालात ते मुबलक असते आणि बाजारात त्याला कॅशमिलॉनही म्हणतात. ते मऊ आहे, हलके आहे, रंग छान घेते, किंमत परवडते. स्वेटरला ते चांगले. पण ते लोकर नव्हे. लोकर म्हणून त्याचे पैसे घेणे ही फसवणूक आहे, मग ती खोक्यावरच्या मेंढीच्या चित्राने केलेली असो की तोंडाने. अस्सल नव्या लोकरीसाठी वूलमार्कचे चिन्ह १९६४ पासून चालत आले आहे. ते नसेल तर माल लोकरीचा नाही असे नव्हे, पण घाऊक व्यापाऱ्याकडे टक्केवारी लेखी मागावी. 'बांबू थर्मल' म्हणून येणाऱ्या मालाचेही तेच. ते बहुतेक बांबूच्या लगद्यापासून केलेले व्हिस्कोज असते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ साली असा माल बांबू म्हणून विकणाऱ्या कंपन्यांवर कारवाई केली होती. व्हिस्कोज मऊ असते पण ओलावा कापसाहून जास्त धरते आणि ओले असताना कमजोर होते. घामाच्या कामाला ते नको.

रेशमाचा उल्लेख करतो तो पूर्णतेसाठी. पातळ, हलके आणि कातडीला सुखाचे असे हे कापड युरोपातले गिर्यारोहक आत घालीत. जॉर्ज मॅलरी १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसा झाला. १९९९ साली त्याचा देह सापडला तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे एकावर एक पातळ थर होते. आपल्या पुरुष गिऱ्हाइकांना रेशीम वर्ज्य असल्याने तो माल ठेवायचा तर स्त्रियांच्या मापात ठेवावा. पुरुषांना मेरिनो किंवा पॉलिस्टर आहेच.

खोक्यावरच्या मजकुरावर विसंबायचे नसेल तर दुकानातच तपासणी करता येते. शिवणीतून चार धागे काढून चिमट्यात धरून ज्योतीला लावावेत. कापूस आणि व्हिस्कोज कागदासारखे जळतात आणि हलकी राख उरते. लोकर आणि रेशीम यांना केस जळल्याचा वास येतो आणि काळी, बोटाने चुरगळणारी गुठळी होते. पॉलिस्टर आक्रसते, वितळते आणि कडक मणी राहतो. अ‍ॅक्रिलिक भरभर पेटते, उग्र वास सोडते आणि वेडावाकडा कडक गोळा राहतो. मिश्रणात खुणाही मिसळतात, तेव्हा एका धाग्यावर निकाल देऊ नये. लोकरीसाठी आणखी एक सोपी कसोटी आहे. कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचमध्ये तुकडा बुडवून ठेवला तर लोकर विरघळून जाते, अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिस्टर तसेच राहतात. (याचाच अर्थ, लोकरीचे बनियन ब्लीचने धुवायचे नाही, हे गिऱ्हाइकाला सांगणे आले.)

कापड घाम ओढते की नाही, हे पाण्याच्या थेंबाने कळते. उलट्या बाजूवर एक थेंब टाकावा. तो मण्यासारखा तसाच राहिला तर कापड घामाच्या कामाचे नाही, वर 'ड्राय' असे छापलेले असले तरी. तो चटकन पसरून मोठा डाग झाला आणि थोड्या वेळात सुकला तर ठीक. मोठा डाग पडला पण तासाभरानेही ओलाच राहिला, तर त्यात कापूस किंवा व्हिस्कोज जास्त आहे. काही स्वस्त मालाला वरून नुसते औषध लावलेले असते आणि ते धुण्यात निघून जाते. म्हणून नमुना चार-पाच वेळा धुऊन मग थेंब टाकून पाहावा.

जाडीबद्दल गैरसमज फार आहे. जाड तेवढे गरम, हे बसून राहणाऱ्याला लागू. चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅमचे कापड चालणाऱ्या-राबणाऱ्याला योग्य, २५० च्या पुढचे गवळ्याला किंवा रखवालदाराला. नॉर्वेत हेन्रिक ब्रून नावाच्या सैनिकी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकात मासेमारीच्या जाळ्यापासून बनियन करून पाहिले. मोठ्या भोकांत हवा राहते आणि घामाला वाट मिळते, ही त्यामागची कल्पना, आणि ती बनियने आजही विकली जातात. मात्र वर दुसरा कपडा हवाच. खोडदच्या तबकड्यांना पत्र्याऐवजी तारेची जाळी आहे ती वारा आरपार जावा म्हणून. जाळीचे बनियन एकटे घातले तर वारा तेच करतो.

शिंपी बांधवांसाठी यात काम आहे. गुंफलेले पॉलिस्टर कापड किलोवर घेऊन स्थानिक मापाची बनियने शिवता येतात. भिवंडी-मालेगावच्या मागावरचे कापड यासाठी चालत नाही, कारण ते ताणत नाही. अंगालगतचा कपडा अंगाला बसला तरच घाम ओढतो. सुई गोल टोकाची घ्यावी, नाहीतर फासा तुटून भोक पडते आणि पुढे उसवत जाते. धागाही ताण देणारा हवा. उसाची मोळी ज्याच्या खांद्यावर येते त्याची शिवण खांद्यावर नको, ती पुढे सरकवावी, आणि शक्य तर चपट्या शिवणीच्या मशीनवर घालावी. बाह्यांच्या टोकाला आवळ पट्टी असते ती पहाटे वुजू करताना कोपराच्या वर जात नाही. मग बाही भिजते आणि ओली बाही घेऊनच माणूस कामाला निघतो. आपल्या गिऱ्हाइकासाठी ही पट्टी सैल ठेवावी किंवा बाही पाऊण मापाची करावी. हे लुधियानाचा कारखानदार करून देणार नाही, गावचा शिंपी देईल.

बायकांच्या मापाचा माल दुकानात फार थोडा असतो. ऊसतोडीत आणि द्राक्षबागेत त्या पुरुषांच्या बरोबरीने असतात आणि नवऱ्याचे जुने बनियन झंपरावर चढवून निघतात. कमीज किंवा झंपराच्या आत बसेल असे, पुढून खोल गळ्याचे पातळ इनर ठेवले तर खपायला अडचण पडू नये.

कराचा हिशेब बदलला आहे तो लक्षात ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या २५०० रुपयांपर्यंतच्या नगावर जीएसटी ५ टक्के आणि त्यावरच्या नगावर १८ टक्के झाला. साधे थर्मल पहिल्या पायरीत येते. मेरिनोचा जाड नग दुसऱ्या पायरीत जाऊ शकतो, आणि सीमेवरच्या किमतीचा माल घेताना हा फरक नफा खाऊन टाकतो.

आपल्या भागातली खरी थंडी आठ-दहा आठवड्यांची. जानेवारीच्या मध्यानंतर आणलेले खोके पुढच्या वर्षापर्यंत भांडवल अडकवतात. म्हणून हलके पॉलिस्टर जास्त घ्यावे, ते खेळाडूंना आणि गड चढणाऱ्यांना बाराही महिने विकता येते. जाड सुती मोजके घ्यावे आणि मेरिनो मागणी नोंदवून आणावे. विकताना धुण्याबद्दल दोन वाक्ये सांगावीत. पॉलिस्टरला कपडे मऊ करणारे द्रव्य लावू नये, त्याने फटी बुजतात आणि घाम ओढणे मंदावते. लोकर कोमट पाण्यात, न पिळता, सावलीत आडवी वाळवावी. उरलेला लोकरीचा माल ठेवताना तो धुऊन, पूर्ण सुकवून, डांबराच्या गोळ्या घालून बंद पिशवीत ठेवावा. कसर लोकर खाते, पॉलिस्टरला तोंड लावत नाही.